चिपिरोनेस एन सू तिंता

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील बास्क प्रदेशाचा पारंपरिक पदार्थ. यात लहान माकुले, म्हणजे स्क्विड, स्वतःच्याच शाईच्या काळ्याभोर रश्शात शिजवतात. उन्हाळ्यात ही माकुले किनाऱ्याजवळ येतात. गेतारियासारख्या बंदरांतले कोळी छोट्या होड्यांतून ती ‘पोतेरा’ने पकडतात, या गळाच्या टोकाशी आकड्यांचे कडे असते. गळाच्या माकुलाला भाव जास्त मिळतो आणि तो रास्तच आहे, कारण जाळ्यात ओढलेल्या माकुलाने बरीचशी शाई आधीच सोडलेली असते.

घरी करताना सर्वांत नाजूक काम सफाईचे. डोके हलक्या हाताने ओढले की आतडी सोबत येतात. त्यांना चिकटलेली चंदेरी, चिंचोळी पिशवी शाईची. ती न फोडता सोडवून वाटीत थोड्या पांढऱ्या वाइनमध्ये ठेवावी. नळीतला, म्हणजे माकुलाच्या पोकळ धडातला, पारदर्शक काटा, डोळे आणि चोच टाकून द्यावी. सारण बाहेर पडू नये म्हणून अनेक बास्क घरांत नळी मोज्यासारखी उलटी करतात. सारणही त्याच माकुलाचे: पाय आणि पर बारीक चिरून कांदा-लसणाबरोबर परतलेले. कोणी त्यात थोडे हॅम घालतात. नळीचे तोंड दातकोरणीने बंद करून ती ऑलिव्ह तेलात उलटसुलट परततात.

नाव शाईचे (‘तिंता’ म्हणजे शाई) असले तरी पदार्थ तोलून धरतो तो कांदाच. एक किलो माकुलांना तीन-चार मोठे कांदे, एक ढोबळी मिरची आणि लसूण लागतो. कांदा मंद आचेवर निदान अर्धा तास, पार गळेपर्यंत परतावा. इथे घाई केली तर रस्सा नुसता काळा होतो, त्याला गोडी येत नाही. मग टोमॅटो, वाइन आणि दाटपणासाठी तळलेल्या पावाचा तुकडा घालतात. शाई पिळून गाळून मिसळली की सगळे वाटून चाळणीतून काढायचे. शाईचा रंग मेलॅनिनचा. तिची खारट, समुद्री चव ग्लुटामिक आम्लासारख्या अमिनो आम्लांमुळे खुलते. बाजारातल्या ४ ग्रॅमच्या पुड्यांत बहुधा कटलफिश या माकुलाच्या भाऊबंदाची शाई असते, तीही चालते.

माकूल एक-दोन मिनिटांत उतरवले तर मऊ राहते, त्यानंतर चिवट होते आणि अर्ध्या-पाऊण तासाने कोलॅजन हे मांसातले चिवट प्रथिन विरघळले की पुन्हा मऊ पडते. या रश्शात दुसरी, सावकाश शिजवण्याची वाट धरावी लागते. सोबत पांढरा भात किंवा तळलेल्या पावाचे त्रिकोण वाढतात. दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरते.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचे माकूल यासाठी चांगले चालते. मात्र बाजारात साफ करून घेतले तर शाईची पिशवी आतड्यांबरोबर फेकली जाते, म्हणून ते अख्खेच घ्यावे. लहान न मिळाल्यास सारण न भरता मोठ्याच्या चकत्या कराव्यात.