वेळ मारून नेणारा आणि मुरत ठेवलेला

अमेरिकन फुटबॉलचा सामना लागला की एकदा बॉल सोडून मैदानाच्या कडेला बघा. तीन तास उलटले तरी ज्याच्या जर्सीवर गवताचा डाग पडलेला नाही असा एक जण तिथे उभा असतो. हेल्मेटऐवजी टोपी, हातात टॅब्लेट. समालोचक त्याला 'बॅकअप क्वार्टरबॅक' म्हणतात आणि पुढे सरकतात. घोळ तिथेच होतो. या एका नावाखाली एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, दोन अगदी वेगळी माणसं वावरतात, आणि एकाकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायला गेलं की बहुतेक वेळा दोन्ही कामं फसतात.

पहिला म्हणजे वेळ मारून नेणारा, खरा राखीव. तिशीच्या आसपासचा, तीन-चार संघांचं पाणी प्यायलेला. मुख्य क्वार्टरबॅकचा गुडघा गेला तर याच रविवारी, याच क्षणी आत जाऊन गाडी रुळावर ठेवायची, हे त्याचं काम. दुसरा म्हणजे उमेदवार. हा शब्द ऐकला की हल्ली आपल्याला निवडणूकच आठवते, पण सोनाराच्या पेढीवर किंवा वायरमनच्या हाताखाली उमेदवारी करणारा पोरगा हा जुना अर्थ मला इथे हवा आहे. बावीस-तेवीस वर्षांचा, ड्राफ्टमधून, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांमधून, नुकताच आलेला. या रविवारी त्याची गरज पडू नये असंच संघाला वाटत असतं. त्याची गरज दोन-तीन वर्षांनी पडणार आहे.

क्रिकेटमधला राखीव यष्टिरक्षक डोळ्यांसमोर आणा. जागा एकच, त्यामुळे धोनीच्या काळात पार्थिव पटेल आणि दिनेश कार्तिक यांच्या उमेदीच्या वर्षांचं जे झालं तसंच काहीसं. फरक इतकाच की क्वार्टरबॅक हा यष्टिरक्षक, कर्णधार आणि सलामीवीर एकाच अंगात घेऊन खेळतो. जवळजवळ प्रत्येक डाव (क्रिकेटचा नव्हे, इथे डाव म्हणजे आखलेली एक चाल) त्याच्या हातातून सुरू होतो.

वेळ मारून नेणाऱ्यांचा शिरोमणी निक फोल्स. फिलाडेल्फिया ईगल्सनेच त्याला २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत घेतलं होतं. मग तो सेंट लुइसला गेला, कॅन्सस सिटीत एक मोसम दुसऱ्या क्रमांकावर बसला आणि २०१७ मध्ये फिलाडेल्फियाला परतला तो तरुण कार्सन वेंट्झचा बॅकअप म्हणून. १० डिसेंबर २०१७ ला लॉस एंजेलिसमध्ये वेंट्झच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ४ फेब्रुवारी २०१८ ला फोल्सने ३७३ यार्ड फेकून पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवलं आणि सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या दिवशी त्याचं वय २९ होतं. त्याला त्या दोन महिन्यांत कुणी घडवलं नव्हतं. तो घडून आला होता, म्हणूनच त्याला आणला होता.

आता दुसरं टोक. २०२० च्या ड्राफ्टमध्ये ग्रीन बे पॅकर्सनी चौथ्या फेरीतली एक निवड वर देऊन तिसाव्या क्रमांकावरून सव्विसाव्यावर उडी मारली आणि जॉर्डन लव्हला घेतलं. ॲरन रॉजर्स तेव्हा संघाचा मुख्य क्वार्टरबॅक होता आणि पुढच्या दोन्ही मोसमांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. महासाथीमुळे २०२० मध्ये प्रीसीझनचे, म्हणजे मोसमाआधीचे सरावाचे, सामनेच झाले नाहीत. आणि बॅकअप कोण? लव्ह नव्हे. दुसऱ्या क्रमांकावर होता टिम बॉयल, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नव्हतं. पहिल्या फेरीतला पोरगा तिसऱ्या क्रमांकावर, अख्ख्या मोसमात एकदाही मैदानात उतरला नाही. बाहेरून बघणाऱ्याला ही उधळपट्टी वाटली. माझ्या मते त्या संघाने त्या वर्षी केलेली ती सगळ्यात शहाणी गोष्ट होती, कारण त्यांनी दोन खुर्च्या वेगळ्या ठेवल्या. रॉजर्सला काही झालं असतं तर प्लेबुक, म्हणजे संघाच्या डावांची वही, पाठ असलेला माणूस तयार होता, आणि लव्हला 'रविवारी लागलास तर?' या प्रश्नाची तयारी करत बसावं लागलं नाही.

हा प्रश्न इतका महाग का पडतो, ते बुधवारच्या सरावात दिसतं. मोसम सुरू झाला की वेळ मोजका. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या २०११ च्या करारानंतर पूर्ण पॅड बांधून करायचे सराव मोसमभरात फक्त १४. मुख्य क्वार्टरबॅक येत्या रविवारचे डाव घोटतो, आणि जवळपास सगळ्या पाळ्या त्याच्याच. दुसऱ्या टोकाला आपल्याच बचावफळीला सराव मिळावा म्हणून प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणारी 'स्काउट टीम' उभी राहते. तिचा क्वार्टरबॅक म्हणजे आपला बॅकअप. सहायक प्रशिक्षक एक मोठं कार्ड समोर धरतो. त्यावर गोल आणि बाण: कोण कुठे धावणार, बॉल कुणाकडे जाणार. पोरगा कार्ड बघतो, मागे सरकतो, बॉल फेकतो. पुढचं कार्ड. परत तेच.

आता यात त्याने काय शिकायचं? डाव दुसऱ्याचे. पुढच्या आठवड्यात दुसराच प्रतिस्पर्धी, म्हणजे डाव परत नवे. आणि बॉल कुणाला द्यायचा हा निर्णय, जो शिकायलाच तो आलाय, तो कार्डावर आधीच काढून ठेवलेला. दहा वर्षं खेळलेल्या माणसाला याचा त्रास नाही. त्याचा हात बसलेला असतो, आठवडाभर कार्डं वाचून रविवारी तो आपले डाव खेळू शकतो. उमेदवाराचा हात मात्र याने बसत नाही, उलट वाईट सवयी लागायची भीती. म्हणून त्याचं खरं शिक्षण सराव संपल्यावर, रिकाम्या मैदानावर होतं: पावलं, खांद्याचा कोन, नजर एका खेळाडूवरून दुसऱ्यावर कोणत्या क्रमाने न्यायची.

नुसतं डाव सांगणंसुद्धा शिकावं लागतं. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या स्पीकरमधून येतो, ही १९९४ पासूनची सोय. घड्याळ ४० सेकंदांचं, त्यात १५ उरले की आवाज बंद. दहा-बारा शब्दांची ती माळ, ज्यात कोण कुठे उभा, कोण कुणाला अडवणार, कोण कुठे धावणार हे सगळं आलं, ती ऐकायची, घोळक्यातल्या दहा जणांना एकही शब्द न गाळता सांगायची, रेषेवर यायचं, समोरची रचना बघायची आणि गरज पडली तर त्यातलं अर्धं बदलायचं. कॉलेजमध्ये कडेला धरलेल्या चित्रांच्या पाट्या बघून खेळलेल्या पोराला ही माळ आरशासमोर उभं राहून पाठ करावी लागते.

रॉजर्स स्वतः याच भट्टीतून गेला होता. २००५ मध्ये चोविसाव्या क्रमांकावर निवड, समोर मुख्य क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह, आणि तीन मोसम बाकावर. कॉलेजात तो बॉल कानाजवळ उंच धरायचा, ती धाटणी ग्रीन बेच्या प्रशिक्षकांनी मोडून बॉल खाली आणला. अशी दुरुस्ती दर रविवारी खेळणाऱ्या माणसावर करता येत नाही. २९ नोव्हेंबर २००७ ला डॅलसमध्ये फार्व्ह जायबंदी झाल्यावर रॉजर्स उतरला आणि २६ पैकी १८ पास पूर्ण करून गेला. सामना हरले, पण लोणचं मुरलंय हे झाकण उघडल्यावर कळलं. तरीही २००८ मध्ये, मुख्य झाल्याच्या पहिल्या वर्षी, आदल्या मोसमात १३ सामने जिंकलेला तोच संघ ६ जिंकून १० हरला. मुरणं वेगळं आणि खेळून शिकणं वेगळं. पहिल्याने दुसरं टळत नाही, फक्त थोडं स्वस्त होतं.

लव्हचंही तेच. ७ नोव्हेंबर २०२१ ला रॉजर्सला कोविड झाला म्हणून त्याला कॅन्सस सिटीत अचानक उभं केलं. तिथल्या चीफ्स संघाने त्याच्यावर दर थोड्या वेळाने जादा माणसं धावून सोडली आणि पॅकर्स १३-७ असे हरले. त्या दिवशी उमेदवाराला राखीव म्हणून वापरलं होतं, आणि लोकांनी निकाल लावला की पोरगा वाया गेला. २०२३ मध्ये तो मुख्य झाला, पहिल्या नऊपैकी सहा सामने हरला, तेव्हाही तोच निकाल. शेवटच्या आठ सामन्यांत मात्र गुण मिळवून देणारे १८ टचडाउन पास आणि फक्त एक इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पकडलेला पास. मग डॅलसमध्ये जाऊन ४८-३२ असा विजय. पुढच्या वर्षी चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलरचा करार झाला.

यावरून 'बसवून ठेवलं की होतो' असा सूत्रपाठ कुणी काढला, तर त्याने ट्रे लान्स बघावा. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजून त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. कॉलेजात त्याने सतराच सामने सुरू केले होते. अशा पोराची भूक सामन्यांची असते, त्याला बाकावर ठेवणं म्हणजे पोहणं किनाऱ्यावर शिकवणं. पहिलं वर्ष बरंचसं बसून गेलं, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला रवानगी. त्याच संघात २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, म्हणजे २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी तिसऱ्या क्रमांकावर बसला होता. तो आयोवा स्टेटकडून चार वर्षं भरपूर खेळून आला होता. डिसेंबरपर्यंत त्याच्या पुढचे दोघे जायबंदी झाल्यावर तो आत गेला आणि आतच राहिला. वय उमेदवाराचं, तयारी राखीवाची.

पर्डीच्याच वाट्याला तो विचित्र दिवसही आला. २९ जानेवारी २०२३, फिलाडेल्फिया. त्याचं कोपर गेलं, मग त्याच्या जागी आलेल्या ३६ वर्षांच्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला, आणि ज्याला बॉल फेकता येत नाही असा पर्डीच परत उभा राहिला. ३१-७ असे हरले. त्यानंतर त्याच वर्षी लीगने तिसऱ्या आणीबाणीच्या क्वार्टरबॅकचा नियम परत आणला. सामन्याच्या यादीतली जागा न खर्चता तिसरा क्वार्टरबॅक तयार ठेवता येतो, पण पहिले दोघे दुखापतीने किंवा हकालपट्टीने बाहेर गेले तरच तो उतरतो. उमेदवार पाळणाऱ्या संघांना ही सोय बरी पडते.

कोण कोणता हे ओळखायचं असेल तर ऑगस्टमधला प्रीसीझन बघा. दुसऱ्या अर्ध्यात, तिसऱ्या फळीच्या साथीदारांबरोबर धडपडणारा तो उमेदवार, आणि टोपी घालून हसत बसलेला तो राखीव. नाहीतर करार बघा. चेस डॅनियल चौदा मोसमांत फक्त पाच सामने सुरू करून चार कोटी डॉलरच्या आसपास कमावून गेला. त्याला लोक हसतात. मी हसत नाही. ड्रू ब्रीझसारख्या मुख्य क्वार्टरबॅकना आठवडाभर प्रतिस्पर्ध्याच्या फिती चाळून देणारा, डाव संपल्यावर 'तो सेफ्टी (बचावफळीत सगळ्यात मागे उभा असणारा) लवकर सरकला' असं कानात सांगणारा माणूस संघांना हवाच असतो. उमेदवाराला ते जमत नाही, त्याला तो सेफ्टी अजून दिसतच नसतो.

एक तिसरी जातही आहे, तिच्यावर फार थांबत नाही. नव्वदीच्या दशकात पॅकर्सचे व्यवस्थापक रॉन वुल्फ फार्व्ह असताना उशिराच्या फेऱ्यांत तरुण क्वार्टरबॅक घेत राहिले, आणि मार्क ब्रूनेल, ॲरन ब्रूक्स, मॅट हॅसलबेक हे तिघे पुढे दुसऱ्या संघांना विकले गेले आणि तिथे मुख्य झाले. ही नर्सरी. रोपं वाढवायची ती विकायलाच.

सगळ्यात जास्त गोंधळ मला मलिक विलिसच्या बाबतीत झालेला दिसतो, कारण तो दोन्ही घरं हिंडून आलाय. टेनेसीने २०२२ मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत घेतला तो सरळसरळ मुरवण्यासाठी. त्याच मोसमात मुख्य क्वार्टरबॅक रायन टॅनेहिल जायबंदी झाला आणि विलिसला तीनदा मुख्य म्हणून उतरवलं. एकाही सामन्यात त्याने शंभर यार्डसुद्धा फेकले नाहीत. डिसेंबरमध्ये संघाने बाहेरून जॉश डॉब्स आणला, आणि आठवड्याभराने विलिसला मागे सारून त्याला उभं केलं. म्हणजे आपल्याला राखीव हवा होता हे त्यांना मोसमाच्या शेवटी उमगलं.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ग्रीन बेने सातव्या फेरीच्या एका निवडीवर त्याला उचललं. दोन आठवडे होतात न होतात तोच ब्राझीलमध्ये लव्हचा गुडघा दुखावला. विलिसला प्लेबुक पाठ असणं शक्यच नव्हतं. मग प्रशिक्षक मॅट लफ्लूर यांनी त्याला जे येतं तेवढ्यात सामना बसवला: इंडियानापोलिसविरुद्ध ५३ वेळा बॉल हातात घेऊन धावले, विलिसने फक्त १४ पास फेकले, त्यातले १२ पोचले, १६-१० असे जिंकले. पुढच्या रविवारी तो नॅशव्हिलला, आपल्या जुन्या संघाच्या मैदानावर गेला. या वेळी २०२ यार्ड फेकले, वर स्वतः धावत एक टचडाउन केला, ३०-१४. त्याच्या पुढच्या रविवारी लव्हचा गुडघा बरा झाला होता, आणि विलिस परत कडेला उभा होता, डाग न पडलेल्या जर्सीत.