सीपॅपचा आकडा चांगला, तरी दिवसा पेंग का येते?

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप मशीनच्या पडद्यावर सकाळी एएचआय, म्हणजे श्वास तासाला किती वेळा अडला तो आकडा, अवघा २ दिसतो आणि दुपारी डोळे मिटायला लागतात ते लागतातच. मग घरचे म्हणतात, मशीन तर चांगलं सांगतंय! बिचाऱ्या रुग्णाला स्वतःचाच संशय येतो. पण हा आकडा आला कुठून, हे कळलं की कोडं बरंचसं सुटतं.

१९६५ मध्ये फ्रान्समध्ये गास्तो आणि सहकाऱ्यांनी, तर जर्मनीत युंग व कुलो यांनी झोपेत वारंवार अडणारा श्वास नोंदवून दाखवला. पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गिलमिनो यांनी हा स्लीप ॲप्निया नावाचा आजार म्हणून मांडला. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला किंवा बराच मंदावला की एक घटना, आणि तासाला अशा सरासरी किती घटना, तो एएचआय. ५, १५ आणि ३० या पायऱ्यांवरून सौम्य, मध्यम, तीव्र ठरू लागलं. मोजला गेला तो श्वास. माणूस किती ताजातवाना उठला, हे त्यात कधीच नव्हतं.

१९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकातून दाबाने हवा देऊन पाच रुग्णांचा घसा रात्रभर उघडा ठेवला. त्याआधी तीव्र आजारात गळ्याला छिद्र पाडण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. दिवसाची पेंग मोजायला मात्र वेगळी पट्टी लागली. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये आठ साधे प्रश्न काढले: वाचताना, टीव्ही बघताना, जेवून शांत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती? २४ पैकी १० च्या वर गुण गेले, तर पेंग प्रमाणाबाहेर.

या दोन पट्ट्या जुळत नाहीत, हे लवकरच दिसलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या १९९३ च्या पाहणीत २४ टक्के पुरुषांचा एएचआय ५ किंवा जास्त होता. त्यासोबत दिवसाची पेंगही असलेले फक्त ४ टक्के. मुंबईत मध्यमवयीन पुरुषांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही हेच दिसलं: श्वासाचा बिघाड १९.५ टक्क्यांत, लक्षणांसह आजार ७.५ टक्क्यांत.

घरच्या मशीनची अडचण आणखी वेगळी. त्याला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत. तुम्ही मास्क लावून जागे पडलात तरी तो वेळ ते भागाकारात धरतं, म्हणून आकडा कमी दिसतो. पहाटे तीनला मास्क काढलात तर पुढचं काहीच मोजत नाही. स्वप्नांची झोप मात्र पहाटेच जास्त असते आणि अनेकांचा श्वास तिच्यातच जास्त अडतो. अमेरिकेत विम्यासाठी ‘रात्री चार तास, सत्तर टक्के रात्री’ मास्क लावला की पुरे, हा निकष रुळला. माझ्या मते या निकषाने खूप जणांना खोटा दिलासा दिला. २००७ च्या एका अभ्यासात रात्री चार तास मास्क लावल्याने पेंगेची जाणीव बऱ्याच जणांची कमी झाली, पण रोजची कामं नीट जमायला अनेकांना साडेसात तास लागले.

पूर्ण रात्र मास्क लावूनही काहींची पेंग उरते. अशांसाठी अमेरिकेत २००४ मध्ये जागं ठेवणाऱ्या मोडाफिनिल या गोळीला मान्यता मिळाली, तीही सीपॅप चालू ठेवूनच. मात्र गोळीकडे वळण्याआधी थायरॉईड, नैराश्य, चालू औषधं आणि मुळात झोपेला दिलेले तास डॉक्टरांसोबत तपासायला हवेत.