ब्रेक-रोटर (शर्यतीच्या मोटारींचा)

चाकासोबत फिरणारी तबकडी. दोन्ही बाजूंनी पॅड (घर्षणाचे ठोकळे) आवळले की गाडीचा वेग हिच्यात उष्णता होऊन साठतो. गॅरेजात हिला नुसतं ‘डिस्क’ म्हणतात. १९५३ साली जग्वार सी-टाइपने डिस्क-ब्रेकच्या बळावर ले माँची २४ तासांची शर्यत जिंकली, तेव्हा ही तबकडी भरीव होती. रस्त्यावरची डिस्क झिजून बाद होते, सर्किटवरची बहुधा त्याआधीच तडकते.

१५०० किलोची गाडी ताशी २०० किमीवरून ८० वर आणताना सुमारे १९ लाख जूल ऊर्जा निघते. पुढच्या दोन ब्रेकांवर मिळून ७० टक्के भार धरला, तर १० किलोची बिडाची डिस्क एका दमात सुमारे १३० अंशांनी तापते, आणि ती निवायच्या आत पुढचं वळण येतं. म्हणून इथे वजन वाचवणं महागात पडतं.

तापलेला पृष्ठभाग फुगू पाहतो, पण आतला थंड भाग त्याला फुगू देत नाही. निवताना तोच पृष्ठभाग ताणला जातो. असं वारंवार झालं की केसासारख्या भेगांचं जाळं उठतं. तेवढं चालतं, भेग कडेपर्यंत पोहोचली की डिस्क भंगारात. भोकं पाडलेल्या डिस्कला भेग बहुधा भोकाच्या काठावरच सुरू होते. पूर्वीच्या पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट म्हणून ती भोकं होती. आज रस्त्यावरच्या गाडीत ती बरीचशी शोभेचीच. लांब पल्ल्याच्या शर्यतीला चरे पाडलेली डिस्क बरी.

आजची डिस्क आतून पोकळ असते; तिच्या दोन पाट्यांमधल्या वक्र पात्या पंपासारखी हवा आतून बाहेर फेकतात. त्यामुळे डावी-उजवी डिस्क वेगळी असते. पृष्ठभागावरचे चरे पाहून उलटी बसवणारे पुष्कळ भेटतात. डिस्कला चाकाच्या तुंब्याशी जोडणारी मधली टोपी ॲल्युमिनियमची, वेगळी आणि किंचित सैल जोडलेली असते. त्यामुळे डिस्कला फुगायला जागा मिळते. एकसंध डिस्क तापली की बशीसारखी कलते.

फॉर्म्युला वनमध्ये डिस्क कार्बनची असते. ब्रॅबम संघाने १९७६ मध्ये ती आजमावली. ती हलकी असते आणि हजार अंशांपर्यंतचा ताप सोसते, मात्र थंड असताना नीट पकडत नाही. तिचा शत्रू भेग नव्हे, ऑक्सिजन : तापलेला कार्बन हवेत हळूहळू जळत जातो.

ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरलं की ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेकदा ती वाकलेली नसते. पॅडचा थर तिच्यावर कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो.