तेल चोळल्याने घोड्याला चमक येत नाही

दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा जवळ आली की खानदेशात एक सल्ला हमखास ऐकू येतो: घोड्याला आठवडाभर मोहरीचं तेल चोळा, कांती खुलेल. हे खरं नाही. तेलाने केस ओले दिसतात, एवढंच. त्यावर तापीकाठची धूळ चिकटते, घाम अडकतो आणि खोगिराखाली खाज व पुरळ उठते.

खरी चमक कातडीतल्या ग्रंथींच्या स्निग्धतेची असते. ती केसभर पसरते खराऱ्याने, म्हणजे अंग घासायच्या दातेरी साधनाने. रबरी खरारा गोल फिरवून मळ वर काढा, मग केसांच्या दिशेने कडक ब्रश आणि शेवटी मऊ ब्रश. रोज वीस मिनिटं तरी द्याच. पायांच्या हाडांवर खरारा नको. आयाळीचा गुंता बोटांनी, टोकाकडून मुळाकडे सोडवा. वरून कंगवा ओढला की केस तुटतात.

तेल द्यायचंच तर पोटातून. जवसाचं तेल रोज 30 मिलीपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत 100 मिलीपर्यंत न्या. तेल पचवणारं पित्त साठवायला घोड्याला पित्ताशय नसतं, म्हणून एकदम जास्त दिलं तर लीद पातळ होते. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला 6-7 किलो कोरडा चारा, थोडा लसूणघास (हिरवा चारा) आणि साधारण 30 ग्रॅम मीठ हवं. नुसत्या कोंड्यावर ठेवू नका: त्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम कमी, हाडं ठिसूळ होतात.

एवढं करूनही केस रुक्षच राहिले तर पशुवैद्यकाकडून लीद तपासून घ्या. अनेकदा जंत निघतात.