कृत्रिम खुबा सैल का होतो? पार्श्वभूमी

खुबा बदलून पंधरा वर्षं झाली की मांडीत किंवा जांघेत दुखू लागतं आणि घरचे विचारतात, ‘सिमेंट सुटलं का?’ हे सिमेंट म्हणजे कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवणारा लेप. एकेकाळी डॉक्टरांचाही संशय त्याच्यावरच होता. या सांध्यात मांडीच्या हाडात बसवलेला दांडा, त्याच्या टोकाचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटी असते.

इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात सर्जन जॉन चार्नली यांनी सुरुवातीला धातूच्या गोळ्याला टेफ्लॉन या प्लास्टिकची वाटी दिली. सुमारे 300 शस्त्रक्रियांनंतर कळलं की ही वाटी दोन-तीन वर्षांतच झिजते आणि तिच्या भुग्याभोवती सुजेचं मांस वाढतं. चार्नलींनी तो भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, तिथेही सूज आलीच. नोव्हेंबर 1962 पासून त्यांनी वाटीसाठी पॉलिथिलीन हे दुसरं प्लास्टिक वापरलं. गोळा मात्र मुद्दाम लहान ठेवला, 22.225 मिमीचा. वाटी वर्षाला 0.1 मिमी झिजली तर या गोळ्याखाली सुमारे 39 घनमिमी भुगा पडतो, 32 मिमीच्या गोळ्याखाली 80, म्हणजे दुप्पट.

पुढे सिमेंटभोवतीचं हाड विरघळलेलं दिसू लागलं. 1977 मध्ये विलर्ट आणि सेमलिट्श या संशोधकांनी झिजेचे कण आणि ऊतींची प्रतिक्रिया यांचा संबंध दाखवला, तरी 1987 मध्येही ‘सिमेंटचा रोग’ हेच नाव चालत होतं. मग सिमेंटविना बसवलेल्या सांध्यांभोवतीही हाड पोखरलं जाऊ लागलं आणि मुख्य दोष पॉलिथिलीनच्या भुग्याकडे गेला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिराला बेअरिंगची झीज सांगावी लागत नाही. पण तिथे भुगा तेलाबरोबर निघून जातो, शरीरात तो राहतो. एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपासचे कण भक्षक पेशी गिळतात. त्यांना ते पचत नाहीत, म्हणून त्या टीएनएफ, इंटरल्युकिन-1 आणि 6 असे सूज वाढवणारे रेणू सोडत राहतात. त्यांच्यामुळे आरएएनकेएल हे संदेश देणारं प्रथिन वाढतं आणि हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. सांध्यातलं द्रव प्रत्येक पावलाच्या दाबाने कण दांड्याच्या कडेकडेने खोलवर नेतं, त्यामुळे वाटीपासून दूरवरही हाड पोकळ होतं. इतकं होऊनही बराच काळ दुखत नाही, आणि खरा धोका इथेच आहे.

जुनं पॉलिथिलीन हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. त्याचं ऑक्सिडीकरण होऊन ते ठिसूळ होई. 1990 च्या दशकाअखेरीस आलेल्या क्रॉसलिंक्ड (साखळ्या एकमेकींना जोडलेल्या) पॉलिथिलीनची झीज फार कमी आहे. आपल्याकडे खुब्याच्या मूळ हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याने तिशी-चाळिशीतच खुबा बदलावा लागणारे बरेच असतात, त्यांना याचा मोठा फायदा. गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे हा पर्याय मात्र उलटला: कोबाल्ट-क्रोमियमच्या कणांनी आजूबाजूचे स्नायू खराब केले आणि 2010 मध्ये असा एक सांधा जगभरातून परत मागवला गेला.

म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवावा. चंदगड-गगनबावड्याहून यायला दिवस मोडतो हे खरं, तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला, दुखत नसलं तरी, नवा एक्स-रे काढून जुन्याशी ताडून पाहावा. हाड आणि सांधा यांच्यामधली काळी रेघ रुंदावते आहे का आणि दांडा खाली सरकला आहे का, ते त्यात दिसतं. वाटी सैल असेल तर सहसा जांघेत दुखतं, दांडा सैल असेल तर मांडीत, आणि उठून पहिली पावलं टाकताना जास्त. मंद जंतुसंसर्गही हुबेहूब असाच दिसतो. त्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया ठरवण्याआधी ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या करतात, आणि संशय असल्यास सांध्यातलं पाणी काढून कल्चरला (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला) पाठवतात. हळू वाढणारे जंतू सुटू नयेत म्हणून कल्चर चौदा दिवसांपर्यंत ठेवायला सांगावं.