७९ घरांचा लपंडाव

गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या सामानातून मखर, दिव्यांच्या माळा आणि मिठाईचे खोके यांच्याबरोबर प्लेस्टेशन ४ हा एक गेम कन्सोलही आमच्या घरी उतरला. आमचे घर गुहागर तालुक्यातील समुद्रालगतच्या एका वाडीत आहे. रात्रीची आरती आटोपल्यावर पुतण्याने तो कन्सोल माजघरातील टीव्हीला जोडला, वाडीतील चार मुले समोर मांडी घालून बसली आणि त्याने कंट्रोलरचे, म्हणजे हातात धरून खेळायच्या बिनतारी यंत्राचे, मधले बटण दाबले. कंट्रोलरवरील पांढरी पट्टी थोडा वेळ उघडझाप करून विझली. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. बॅटरी उतरली असेल म्हणून त्याने केबल लावली, तेव्हा पट्टी नारिंगी रंगात मंद उजळू लागली. म्हणजे चार्जिंग होत होते. बटण दाबल्यावर मात्र पांढरी उघडझाप आणि पुन्हा अंधार.

"काका, सिग्नलच पकडत नाही," असे त्याने जाहीर केले आणि मग घरातील प्रत्येकाला कारण सुचू लागले. कोणी पावसाला दोष दिला, कोणी चिऱ्याच्या जाड भिंतींना, कोणी खाऱ्या हवेला, तर कोणी आमच्या वाडीत मोबाइलचा टॉवर नाही याला. शेजारच्या अण्णांनी राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणे घालावे असे सुचवले. गाऱ्हाण्याला माझी हरकत नव्हती, कारण निदान त्यात खोबरे तरी वाटले जाते. परंतु ज्या यंत्राच्या प्रत्येक हालचालीचे नियम माणसानेच लिहून छापले आहेत, त्याच्या बिघाडाचे कारण आधी त्या नियमांत शोधावे, असे माझे मत आहे.

'सिग्नल पकडत नाही' या शब्दांतच मूळ गैरसमज आहे. मोबाइलला दूरच्या टॉवरची क्षीण लहर पकडावी लागते. कंट्रोलर आणि कन्सोल यांच्यामध्ये ना टॉवर असतो, ना इंटरनेट. ही दोन यंत्रे सहा-सात फुटांवरून एकमेकांशी थेट बोलतात आणि इतक्या अंतरावर लहर पोहोचते की नाही हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. खरा प्रश्न असतो तो गर्दीत एकमेकांना शोधण्याचा आणि ओळखण्याचा.

बहुतेक बिनतारी कंट्रोलर २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात. भारतात ठरावीक शक्तीच्या मर्यादेत हा पट्टा परवान्याशिवाय वापरण्याची मुभा २००५ मध्ये मिळाली. परवाना लागत नाही म्हटल्यावर गर्दी होणारच. वायफायचा राउटर, बिनतारी माउस, हेडफोन, या सर्वांची वस्ती तिथेच आहे आणि मायक्रोवेव्ह भट्टीतून झिरपणारी थोडीशी ऊर्जाही त्याच पट्ट्यात सांडते. निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी २००२ मध्ये आलेल्या 'वेव्हबर्ड' या कंट्रोलरवर एक चक्री होती आणि ती फिरवून १६ पैकी एक वाहिनी निवडावी लागे. रेडिओवर स्टेशन लावण्यासारखाच हा प्रकार होता: निवडलेल्या जागी दुसऱ्या कोणाचा गोंगाट सुरू झाला, तर चक्री पुन्हा फिरवायची.

पुतण्याचा कंट्रोलर ज्या ब्लूटूथ पद्धतीने बोलतो, तिने याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला, आणि हा लेख लिहिण्यामागील माझा खरा मोह हा तोडगा सांगण्याचाच आहे. ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत हा पट्टा एकेक मेगाहर्ट्झच्या ७९ घरांत वाटलेला आहे. जोडलेली दोन यंत्रे कोणत्याही एका घरात स्थिर राहत नाहीत. ती सेकंदाला १६०० वेळा घर बदलतात. प्रत्येक घरात त्यांचा मुक्काम साधारणतः ६२५ मायक्रोसेकंदांचा असतो, एवढ्यात माहितीचे एक छोटे पाकीट पाठवायचे आणि पुढच्या घरात उडी मारायची. एखाद्या घरात गोंगाट असलाच, तर तेवढे एक पाकीट वाया जाते आणि ते पुढच्या घरातून पुन्हा पाठवता येते. उड्यांचा क्रम पाहणाऱ्याला अगदी स्वैर वाटतो, पण तो स्वैर नसतो.

गणपतीत आमच्याकडे जाखडीचा नाच होतो. मधोमध मृदंगवाला आणि गायक बसतात, भोवती पायांत चाळ बांधलेले नाचणारे गोल फिरतात आणि एका विशिष्ट थापेला सगळेच्या सगळे चाल बदलतात. परगावच्या पाहुण्याला आता पाऊल कुठे पडणार हे सांगता येत नाही. ज्याला चाल पाठ आहे आणि ज्याच्या कानात मृदंगाचा ठेका आहे, तो मात्र मधूनच रिंगणात शिरला तरी चुकत नाही. ब्लूटूथमध्ये चाल म्हणजे मुख्य यंत्राचा ४८ बिटांचा (शून्य किंवा एक अशा ४८ अंकांचा) पत्ता, आणि मुख्य यंत्र येथे बहुधा कन्सोल असते. ठेका म्हणजे त्याच यंत्राच्या आतील घड्याळ. हे घड्याळ सेकंदाला ३२०० ठोके मोजते, २८ बिटांचे आहे आणि म्हणून सुमारे २३ तास १८ मिनिटांनी पुन्हा शून्यावर येते. पत्ता आणि घड्याळातील आकडा या दोन गोष्टी एका ठरलेल्या गणिती कृतीत घातल्या की पुढचे घर कोणते हे निघते. ज्याच्याकडे या दोन्ही गोष्टी आहेत त्याला पुढची प्रत्येक उडी आधीच ठाऊक असते.

घड्याळे मात्र कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. स्फटिकावर चालणारे असे घड्याळ दहा लाखांत २० भाग पुढे किंवा मागे पडण्याची मुभा ब्लूटूथच्या मानकाने, म्हणजे छापील नियमांनी, दिलेली आहे. एक पुढे आणि दुसरे मागे पडत असेल, तर तफावत दहा लाखांत ४० भाग होते, आणि या हिशेबाने सुमारे १६ सेकंदांत दोघांमध्ये एका अख्ख्या मुक्कामाचा फरक पडेल. एक यंत्र या घरात आणि दुसरे पुढच्या, अशी चुकामूक होईल. म्हणून कंट्रोलर कन्सोलकडून आलेल्या प्रत्येक पाकिटाच्या वेळेवरून आपला काटा किंचित सरकवून घेतो. खेळणाऱ्याला याचा पत्ताही नसतो, पण हातातील कंट्रोलर सतत मृदंगाकडे कान लावून बसलेला असतो.

येथे एका आवडत्या दंतकथेचा समाचार घेतला पाहिजे. अभिनेत्री हेडी लमार हिने ब्लूटूथचा आणि वायफायचा शोध लावला, असे संदेश दरवर्षी फिरत असतात. तिला आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल याला १९४२ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळाले हे खरे आहे. शत्रूला टॉर्पेडोचे रेडिओ-नियंत्रण बिघडवता येऊ नये म्हणून ८८ वारंवारितांमध्ये उड्या मारण्याची ती योजना होती. पियानोच्या पट्ट्या ८८ असतात, आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी जहाजात आणि टॉर्पेडोत एकाच वेगाने फिरवण्याची कल्पना खरोखर सुरेख आहे. पण उड्या मारणे म्हणजे ब्लूटूथ नव्हे. ब्लूटूथचे काम १९९४ मध्ये स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत सुरू झाले, त्यावर शेकडो अभियंत्यांनी श्रम घेतले, आणि त्यांच्यापुढील सर्वांत अवघड प्रश्न त्या पेटंटला पडलाच नव्हता, कारण जहाज आणि टॉर्पेडो एकमेकांना आधीपासून ओळखत होते.

तो प्रश्न असा. चाल आणि ठेका ठाऊक असेल तर रिंगणात शिरता येते, पण ज्या यंत्राने कन्सोल कधी पाहिलेलाच नाही, त्याला त्याचा पत्ता आणि घड्याळ कळणार कसे? ते सांगण्यासाठी दोघांना एका क्षणी एका घरात भेटावे लागेल, आणि भेटण्यासाठी ते आधी ठाऊक असावे लागेल. दोघेही वेगाने धावत राहिले तर गाठ पडणे नशिबावर सोडावे लागेल. दोघेही आपापल्या घरात बसून राहिले तर कधीच पडणार नाही. लहानपणी जत्रेत हरवलेल्या मुलाला शिकवलेले असते की तू जागचा हलू नकोस, आम्ही शोधत येऊ. ब्लूटूथने नेमके हेच केले आहे: एकाने धावायचे आणि दुसऱ्याने जवळजवळ थांबायचे.

शोधासाठी ७९ पैकी ३२ घरे सर्वांकरिता ठरलेली आहेत. कन्सोलवर 'नवे उपकरण जोडा' हा पर्याय निवडला की तो धावू लागतो. पाठवण्याच्या प्रत्येक मुक्कामात तो दोन घरांत 'कोणी आहे का?' अशी हाक देतो आणि पुढच्या मुक्कामात उत्तर येते का ते ऐकतो. अशा रीतीने १६ घरांची एक फेरी १० मिलिसेकंदांत पूर्ण होते. दुसरीकडे, दोन बटणे एकत्र दाबून ठेवून जोडणीस तयार केलेला कंट्रोलर यांतील एकाच घरात बसून ऐकतो आणि आपले घर १.२८ सेकंदांनी एकदा बदलतो. शिवाय तो सारा वेळ ऐकत नाही. मानकातील नेहमीच्या आकड्यांनुसार तो दर २.५६ सेकंदांत फक्त ११.२५ मिलिसेकंद कान उघडतो, म्हणजे वेळेच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि उरलेल्या वेळात बॅटरी वाचवतो. आता आकड्यांची जुळणी पाहावी: धावणाऱ्याची फेरी १० मिलिसेकंदांची आणि ऐकणाऱ्याची खिडकी ११.२५ ची. खिडकी फेरीपेक्षा जेमतेम मोठी ठेवलेली आहे, म्हणून ऐकणाऱ्याचे घर त्या १६ घरांत असेल, तर हाक त्याच्या दारावरून गेल्याशिवाय राहत नाही. ते उरलेल्या १६ घरांत असेल तर काय? त्यासाठी धावणारा एकच फेरी २५६ वेळा, म्हणजे २.५६ सेकंद मारतो आणि मग दुसऱ्या सोळांकडे वळतो. दोन्ही गट दोन-दोनदा पालथे घातले की १०.२४ सेकंद होतात. पडद्यावर गोल फिरणारी खूण दहाएक सेकंद पाहताना आपण कंटाळतो, त्याचे कारण हे गणित आहे.

यातही एक बारीक खुबी आहे. एकाच खोलीत दोन कंट्रोलर एकाच घरात बसले असतील आणि दोघांनी एकदम 'ओ' दिली, तर दोघांचेही उत्तर कळणार नाही. म्हणून हाक ऐकल्यावर लगेच उत्तर द्यायचे नाही, शून्य ते १०२३ यांतील स्वैर निवडलेले मुक्काम थांबायचे, पुन्हा कान द्यायचा आणि मग बोलायचे, असा नियम आहे. ही प्रतीक्षा जास्तीत जास्त ०.६४ सेकंदाची असते. उत्तरात कंट्रोलर आपला पत्ता आणि आपले घड्याळ सांगतो, आणि कोंडी फुटते.

यानंतर दोघे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती आपापल्या कायमच्या स्मृतीत ठेवतात. कोकणात वीज जायला वाऱ्याची झुळूक पुरते, पण वीज गेल्याने ही ओळख पुसली जात नाही. दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर शोधमोहीम होतच नाही. कंट्रोलर स्मृतीतील पत्त्याला नावाने हाक मारतो. पत्ता ज्याचा, त्यानेच ओ द्यायची. समोर दुसरा कन्सोल असला, अगदी हातभर अंतरावर असला, तरी त्याच्या दृष्टीने ती हाक परक्याला मारलेली असते.

पहिल्या ओळखीची रीत प्रत्येक घराण्याची वेगळी आहे. निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवर आणि त्याच्या रिमोटवर, झाकणाखाली लपवलेली लाल बटणे होती. स्विचचे जॉय-कॉन कडेच्या पट्टीवर सरकवले की तेथील धातूच्या टोकांतूनच ओळख होते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची बिनतारी पद्धत मुळात ब्लूटूथची नाही, ती त्यांची स्वतःची आहे. प्लेस्टेशन ४ ला लपंडावाचा सगळा खटाटोप टाळता येतो: कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून मधले बटण दाबले की पत्ता आणि किल्ली तारेतूनच पोहोचतात.

आता घरच्यांच्या शंका. दमट आणि खारी हवा सहा फुटांच्या अंतरात या लहरींचे काही बिघडवत नाही. खाऱ्या हवेने गंजतात ती बॅटरीची आणि केबलची टोके. चिऱ्यात लोह असते, पण ते ऑक्साइडच्या रूपात, पत्र्यासारखे नव्हे. चिऱ्याच्या छिद्रांत मुरलेले पावसाचे पाणी लहर शोषते हे खरे, मात्र कंट्रोलर एका खोलीत आणि कन्सोल दुसऱ्या खोलीत असेल तरच त्याचा विचार करावा. याच न्यायाने मध्ये बसलेला माणूसही अडथळा ठरतो, कारण आपले शरीर बहुतांशी पाणीच आहे. वायफायची एक वाहिनी ७९ पैकी सुमारे २० घरे अडवते. त्यावर २००३ पासून ब्लूटूथमध्ये उपाय आहे, गोंगाटाची घरे हेरून ती क्रमातून वगळली जातात. कन्सोलला लावलेल्या यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कमधून आणि तिच्या निकृष्ट केबलमधून याच पट्ट्यात गोंगाट सांडतो, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. राहता राहिले बाजारात मिळणारे 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर. ब्लूटूथच्या मधल्या श्रेणीच्या यंत्राची शक्ती जास्तीत जास्त २.५ मिलिवॉट असते. स्टिकरने लहर खरोखर शोषली तर कंट्रोलर चालणार नाही, आणि कंट्रोलर चालत असेल तर स्टिकरचे पैसे फुकट गेले.

त्या रात्री मी पुतण्याला एकच प्रश्न विचारला, की हा कंट्रोलर शेवटचा कुठे वापरला होता. तो डोंबिवलीला मित्राच्या घरी नेला होता आणि त्याच्या कन्सोलला जोडला होता, असे कळले. म्हणजे आमच्या माजघरात तो कंट्रोलर इमानाने डोंबिवलीला हाका मारत होता. मग केबल लावूनही नवी ओळख का झाली नाही? ती केबल त्याने वाटेत एका दुकानातून घेतलेली स्वस्तातली होती. मी ब्लेडने तिचे आवरण उभे चिरले. आत एक लाल आणि एक काळी, अशा दोनच केसासारख्या तारा निघाल्या. वीज वाहून नेणाऱ्या दोन तारा तेवढ्या होत्या. माहिती वाहून नेणाऱ्या हिरव्या आणि पांढऱ्या तारा त्यात घातलेल्याच नव्हत्या. चार्जिंग होत होते, पण पत्ता जायला वाटच नव्हती.

माझ्या जुन्या मोबाइलबरोबर आलेली केबल फळीवरच्या डब्यात सापडली. ती लावून पुतण्याने बटण दाबले आणि पट्टी निळी झाली. मी केबल काढून घेतली, तरी ती निळीच राहिली.