सेल लागतच नाही तो मीटर आणि सेल संपलेला मीटर

दापोलीला मामांच्या माळ्यावरच्या पेटीत दोन लाइट मीटर, म्हणजे फोटोसाठी उजेड मोजायची यंत्रं, निघाले: एक वेस्टन मास्टर, दुसरा गॉसेनचा लुनासिक्स ३. दोघांच्याही सुया निपचित. मामी म्हणाली, "सेल घालून बघ, चालतील." लुनासिक्सच्या बाबतीत ते बरोबर होतं. वेस्टनला मात्र सेलची जागाच नसते. तो अंगणात नेला, पाठीवरची जाळीदार झडप उघडली आणि सुई थरथरत वर चढली.

जुने मीटर विकणारे आणि घेणारे दोघंही नेमकी इथेच गल्लत करतात. वेस्टन सेलेनियमचा. त्याच्या चकतीवर उजेड पडला की तीच वीज तयार करते आणि त्या विजेवर सुई हलते. ओळख सोपी आहे: मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा बुडबुड्यांची मोठी काच दिसते आणि सेलचं झाकण कुठेच नसतं. लुनासिक्स सीडीएसचा, म्हणजे कॅडमियम सल्फाइडचा. हा वीज तयार करत नाही. उजेड वाढला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, त्यामुळे वीज सेलमधूनच यावी लागते. खिडकी लहानशी, सेलचं झाकण आणि बहुधा सेल तपासायचं बटणही असतं. कमी उजेडात सीडीएस सेलेनियमपेक्षा खूप पुढे आहे. मात्र हर्णैच्या वाळूवरच्या उन्हातून थेट देवळाच्या गाभाऱ्यात नेलात, तर आधीच्या उन्हाची आठवण त्याला काही वेळ राहते. थोडं थांबून मगच आकडा घ्या.

आता खरी गोष्ट, कारण हे दोघे बिघडतात ते उलट दिशांना. आपल्याकडची दमट, खारी हवा सेलेनियमच्या चकतीत शिरते, तिची ताकद जाते आणि सुई खरी असायला हवी त्यापेक्षा खाली राहते. मीटर म्हणतो उजेड कमी आहे, आपण अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, जास्त उघडतो आणि फोटो गोरा, उडालेला येतो. सीडीएसचं उलटं. लुनासिक्स ३ साठी पाऱ्याचे १.३५ व्होल्टचे दोन सेल ठरलेले होते. ते आता मिळत नाहीत, म्हणून लोक १.५ व्होल्टचे अल्कलाइन घालतात. सुई गरजेपेक्षा वर जाते आणि फोटो काळा येतो. म्हणून मी श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल वापरतो. ते सुमारे १.४ व्होल्ट देतात, फक्त चिकटपट्टी काढल्यावर काही आठवड्यांत सुकतात. जुना पाऱ्याचा सेल आत सापडला तर तो कचऱ्यात टाकू नका.

निगेटिव्ह रोलवर उजेड एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त पडला तरी निभावतं, कमी पडला तर सावलीतला तपशील जातो तो परत येत नाही. म्हणूनच दोघांतला चुकीच्या सेलवरचा सीडीएस मला जास्त धोक्याचा वाटतो.

तपासणी एकाच जागी करू नका. दुपारच्या स्वच्छ उन्हात, १०० आयएसओला (रोलचा वेग), उजेड मोजायच्या करड्या कार्डावर अॅपर्चर एफ १६ ला शटर १/१०० सेकंदाच्या आसपास यायला हवं. मग पडवीच्या सावलीत त्याच कार्डावर नीट चालणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याशी ताडून पाहा. थकलेलं सेलेनियम कधी उन्हात बरं वागतं आणि सावलीत उघडं पडतं. जुन्या वेस्टनच्या तबकडीवर एक आकडा आणखी फसवतो: तिथले रोलच्या वेगाचे वेस्टनचे अंक एएसए (आयएसओचं जुनं नाव) नव्हेत. १०० च्या रोलसाठी तिथे ८० लावायचं.

आणि पावसाळ्यात मीटर चामडी पिशवीत ठेवू नका. चामडं ओल धरतं, आतून बुरशी येते. मामांचा वेस्टन आता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आहे. लुनासिक्सचे सेल मात्र जूनमध्येच काढून ठेवले.